वर्ग नसलेलं विद्यापीठ

१८५९ साली मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक झाली. सव्वाशेच्या वर मुलं बसली आणि पास झाली ती अवघी वीस-बावीस. त्यांत निफाडला जन्मलेला आणि कोल्हापुरात वाढलेला सतरा वर्षांचा एक अंगापिंडाने मोठा, बोलायला बुजरा मुलगा होता, महादेव गोविंद रानडे. मालवणकडचे रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. ते वयाने पाच वर्षांनी मोठे आणि १८५३ पासून एल्फिन्स्टनमध्ये शिकत असलेले. नवं विद्यापीठ आलं म्हणून त्यांनाही पुन्हा पहिल्या पायरीवर उभं राहावं लागलं. वामन आबाजी मोडक आणि बाळ मंगेश वागळे हे आणखी दोघे. १८६२ साली हेच चौघे या विद्यापीठाचे पहिले बी.ए. झाले. अख्ख्या मुंबई इलाख्यातून, म्हणजे सिंधपासून धारवाडपर्यंतच्या मुलखातून, चार पदवीधर.

या चौघांची नावं शाळेच्या पुस्तकात येतात, आपण ती वाचतो आणि पुढे जातो. मला मात्र त्यांच्या बाबतीतली एक गोष्ट नेहमी थांबवते. ज्या विद्यापीठाचे ते पदवीधर झाले, त्या विद्यापीठाच्या वर्गात ते एक दिवसही बसले नव्हते. विद्यापीठाला वर्गच नव्हता. फळा नव्हता, प्राध्यापक नव्हते, ग्रंथालय नव्हतं, स्वतःची इमारतही नव्हती.

याचं मूळ १८५४च्या खलित्यात आहे. कंपनी सरकारच्या नियामक मंडळाचे अध्यक्ष चार्ल्स वुड यांनी हिंदुस्थानातल्या शिक्षणाची जी आखणी पाठवली, तिच्यात कलकत्ता, मद्रास आणि मुंबई इथे विद्यापीठं काढावीत असं होतं, आणि नमुना म्हणून लंडन विद्यापीठ ठेवलं होतं. त्या काळचं लंडन विद्यापीठ परीक्षा घेत असे आणि पदव्या देत असे. शिकवण्याचं काम कॉलेजांचं. मुंबईचा कायदा १८ जुलै १८५७चा. उत्तरेत उठाव पेटलेला होता, दिल्ली अजून कंपनीच्या हाती परत आली नव्हती, आणि त्याच महिन्यात मुंबईत सिनेटचे फेलो नेमले जात होते. गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन कुलपती झाले, सरन्यायाधीश सर विल्यम यार्डली कुलगुरू. फेलोंमध्ये इंग्रज अधिकारी जास्त. पण जगन्नाथ शंकरशेट होते, भाऊ दाजी होते, जमशेटजी जीजीभाई होते. कारभार टाउन हॉलमधून चाले. शिकायचं एल्फिन्स्टनमध्ये, ग्रँट मेडिकलमध्ये, पुण्याच्या कॉलेजात, परीक्षेपुरतं विद्यापीठ. ही रीत साठएक वर्षं टिकली. १९१९ साली पॅट्रिक गेडिस यांना समाजशास्त्रासाठी बोलावलं, तेव्हा कुठे विद्यापीठाने स्वतः शिकवायला सुरुवात केली.

मग या विद्यापीठाला जीव आला कुठून? माझं उत्तर सरळ आहे: मुलांमुळे. कायद्याने एक परीक्षा मंडळ दिलं होतं. त्याचं विद्यापीठ केलं ते खोल्याखोल्यांतून रात्री जागवणाऱ्या विद्यार्थ्यांनी. आणि ते कोणासाठी, कुठल्या भाषेत, हे प्रश्न ज्यांनी बाहेरून विचारले, त्यांचाही त्यात मोठा वाटा आहे.

पहिल्या पिढीच्या खर्चाची वाट पेशव्यांकडून आली, हे फारसं सांगितलं जात नाही. पेशवाईत श्रावणात पर्वतीच्या रमण्यात ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. पेशवाई गेल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी ती एकदम तोडली नाही. तिच्यातल्याच पैशाचा आधार घेऊन १८२१ साली पुण्यात विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. पुढे १८४९च्या सुमारास पुण्यातल्या लोकहितवादींसारख्या सुधारकांनी अर्ज केला की हा पैसा नुसता वाटून टाकण्यापेक्षा मराठीत चांगली पुस्तकं लिहिणाऱ्यांना द्यावा. पुण्यात मोठी खळबळ उडाली. अर्जदारांवर हात टाकायची भाषा झाली, तेव्हा त्यांच्या पाठीशी जोतीराव फुले आपली माणसं घेऊन उभे राहिले. त्या वादातून दक्षिणा प्राइज कमिटी निघाली, आणि पुढे त्याच निधीतून कॉलेजांत दक्षिणा फेलो नेमले जाऊ लागले. रानडे दक्षिणा फेलो होते, भांडारकरही होते. रमण्यात ओंजळीत पडणारं नाणं आता महिन्याच्या महिन्याला अभ्यास करणाऱ्याच्या हातावर पडू लागलं. फेलोने स्वतःचा अभ्यास करायचा आणि खालच्या वर्गाला शिकवायचं. संशोधनाची शिष्यवृत्ती ही कल्पना महाराष्ट्रात रुजली ती अशी, पर्वतीच्या पायथ्यापासून.

रानड्यांच्या वाचनाची ख्याती त्यांच्या विद्यार्थिदशेतच झाली होती. इतिहास आणि अर्थशास्त्र हे त्यांचे आवडीचे विषय. नेमलेल्या पुस्तकांपाशी ते थांबत नसत. ग्रंथालयाचं कपाट रिकामं करत जात. वाचून वाचून डोळे अधू झाले आणि ती पीडा त्यांना जन्मभर पुरली. त्यांच्या चरित्रकारांनी एक प्रसंग नोंदवला आहे. एका निबंधात रानड्यांनी मराठ्यांच्या राज्याची इंग्रजी राज्याशी तुलना केली आणि माप मराठ्यांच्या बाजूने टाकलं. प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट यांचा या विद्यार्थ्यावर लोभ होता. त्यांनी बोलावून समज दिली, आणि सहा महिने शिष्यवृत्ती बंद केली. रानडे रागावले नाहीत, वाकलेही नाहीत. पुढे तेच ‘मराठी सत्तेचा उदय’ लिहिणार होते. बीज त्या निबंधात होतं, असं म्हणायला हरकत नाही.

भांडारकरांची गोष्ट निराळी. दादाभाई नौरोजी त्यांचे गणिताचे शिक्षक, आणि त्यांची स्वतःची ओढही गणिताकडे. संस्कृतकडे ते वळले ते शिक्षण खात्याचे संचालक हॉवर्ड यांच्या आग्रहाने. पाठशाळेतल्या शास्त्र्यांचं संस्कृत आणि युरोपातली चिकित्सेची पद्धत या दोन्ही गोष्टी एका माणसात आल्या आणि त्यातून जे झालं ते जगाने पाहिलं. १८७७ साली विद्यापीठाच्या विल्सन व्याख्यानमालेत त्यांनी संस्कृत आणि तिच्यापासून निघालेल्या भाषांवर व्याख्यानं दिली. १८८४ साली दख्खनच्या प्राचीन इतिहासावरचं त्यांचं पुस्तक आलं. गावोगावच्या वाड्यांतून, मठांतून, पोथ्यांच्या रुमालांतून हस्तलिखितं शोधत ते हिंडले. गॉटिंगेन विद्यापीठाने १८८५ साली त्यांना डॉक्टरेट दिली. विद्यापीठाकडे संशोधनाचा विभाग नव्हता, पण संशोधक होता.

आता भाषेची बाब. विद्यापीठ निघण्याच्या दहा वर्षं आधी बोर्ड ऑफ एज्युकेशनमध्ये मोठा वाद झाला होता. सर अर्स्किन पेरी यांचं म्हणणं इंग्रजीच हवी, आणि जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट यांचं म्हणणं लोकांना लोकांच्या भाषेत शिकवा, ज्ञान लांब पोचेल. नाना स्वतः इंग्रजी शिक्षणाचे आधारस्तंभ, एल्फिन्स्टनसाठी वर्गणी गोळा करणारे. तरी त्यांनी हे म्हटलं, म्हणून त्याला वजन आहे. विद्यापीठाच्या पहिल्या काही वर्षांत देशी भाषांना परीक्षेत थोडी जागा होती. १८६०च्या दशकात ती काढून घेतली गेली. दुसरी भाषा अभिजातच हवी असं ठरलं: संस्कृत, लॅटिन, अरबी, फारसी यांपैकी. मराठी मुलाने आपली भाषा सोडून बाकी सगळ्यांत परीक्षा द्यायची. हा निर्णय चुकला होता, आणि त्याची किंमत दोन पिढ्यांनी मोजली, असं माझं स्पष्ट मत आहे.

दरम्यान पैसा आला. अमेरिकेत यादवी युद्ध लागलं, तिकडचा कापूस थांबला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६४ साली शेअरबाजाराचे राजे प्रेमचंद रायचंद यांनी ग्रंथालयासाठी दोन लाख आणि लगोलग मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये दिले. अट एकच, मनोऱ्याला आईचं नाव द्यावं. सर कावसजी जहांगीर रेडीमनी यांनी सभागृहासाठी एक लाख दिले. पुढच्याच वर्षी युद्ध संपलं, बाजार कोसळला आणि मुंबईत घरोघर दिवाळं वाजलं. प्रेमचंद स्वतः बुडाले, विद्यापीठाची देणगी मात्र वाचली. लंडनमधले वास्तुकार सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी तिकडे बसून नकाशे काढले. मुंबईत ते कधी आले नाहीत. सभागृह १८७४ साली पुरं झालं, आणि २८० फुटांचा राजाबाई टॉवर १८७८ साली.

ओव्हल मैदानाच्या बाजूने चालत गेलात तर मान वर करून टॉवर नीट बघा. घड्याळाच्या वर, उंचावर, दगडात कोरलेली माणसं उभी आहेत. पगडी, पागोटं, बांधणीची लकब यांवरून त्यांची जात आणि मुलूख कळावा असे पश्चिम हिंदुस्थानातल्या निरनिराळ्या समाजांचे ते पुतळे. कल्पना उदार होती. पण टॉवर बांधून झाला तेव्हा त्या दगडी माणसांपैकी कितीजणांच्या लेकरांना खालच्या दारातून आत यायला मिळत होतं?

तो प्रश्न टॉवर पुरा झाल्यावर चारच वर्षांनी विचारला गेला. १८८२ साली शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं. सरकारचा महसूल बहुतांशी शेतकऱ्याच्या घामातून येतो, आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या पदरात पडतो, हा त्यांचा मुख्य मुद्दा. बारा वर्षांपर्यंतचं शिक्षण सक्तीचं करा, खेड्यातल्या शाळांना आधी पैसा द्या, असं त्यांनी मागितलं. हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच निवेदनात विद्यापीठाबद्दल एक बारीक गोष्ट आहे, तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. शाळेत न जाता घरी अभ्यास करून मॅट्रिकला बसायची मोकळीक विद्यापीठाने दिली होती. फुल्यांनी तिचं स्वागत केलं आणि तीच सवलत वरच्या परीक्षांनाही द्यावी असं सांगितलं. कॉलेजची फी आणि शहरातला खर्च ज्याला झेपत नाही, त्याने घरी शिकावं आणि पदवी मिळवावी. वर्ग नसलेल्या विद्यापीठाचा गरिबाला उपयोग कसा होईल, हे त्या एका माणसाने ओळखलं होतं. बाहेरून परीक्षा देणाऱ्या लाखो मुलांनी पुढे जे केलं, त्याची ही पहिली मागणी म्हणायची.

पुण्याला मुळा-मुठेच्या संगमाच्या पुढे, येरवड्याच्या बाजूला डेक्कन कॉलेजची इमारत १८६८ साली उभी राहिली. तिथे मुलं राहायची. मुंबईच्या मुलांना नसलेलं असं काहीतरी या मुलांना मिळालं: वसतिगृहाच्या खोल्या, नदी, मागची टेकडी आणि भरपूर मोकळा वेळ. रत्नागिरीचे बाळ गंगाधर टिळक तिथे दाखल झाले तेव्हा अंगाने अगदी किरकोळ होते. पहिलं वर्ष त्यांनी तालमीत, पोहण्यात आणि दणकून जेवण्यात घालवलं. परीक्षा बुडाली, पण तब्येत जी कमावली ती पुढे मंडालेच्या तुरुंगापर्यंत कामी आली. फटकळपणामुळे मुलं त्यांना ‘ब्लंट’ म्हणत. गणित शिकवायला केरूनाना छत्रे होते. ते स्वतः कुठल्याच विद्यापीठाचे पदवीधर नव्हते. १८७६ साली टिळक पहिल्या वर्गात बी.ए. झाले.

कऱ्हाडजवळच्या टेंभूचे गोपाळ गणेश आगरकर अकोल्याहून मॅट्रिक होऊन त्याच कॉलेजात आले. पोटाला चिमटा काढूनच शिकणं चाललं होतं. अंगात घालायला एकच सदरा. तो रात्री धुवायचा, वाळत टाकायचा आणि सकाळी तोच घालून वर्गात जायचं. पावसाळ्यात तो वाळत कसा असेल, हा विचार मनातून जात नाही. निबंधांची बक्षिसं मिळवून, वर्तमानपत्रात लिहून त्यांनी दिवस काढले. १८७९च्या सुमारास आगरकर एम.ए.चा आणि टिळक कायद्याचा अभ्यास करत होते. कॉलेजमागच्या टेकडीवर रात्र-रात्र बोलणी चालत. देशासाठी करायचं काय? सरकारी नोकरी धरायची नाही, शाळा काढायची, हे तिथे ठरलं. १८७२चे बी.ए. विष्णुशास्त्री चिपळूणकर सरकारी नोकरी सोडून निघालेच होते. १८८०च्या जानेवारीत न्यू इंग्लिश स्कूल निघालं, १८८१ला ‘केसरी’ आणि ‘मराठा’, १८८५ला फर्ग्युसन कॉलेज. आगरकरांनी आईला कळवलं होतं की मोठ्या पगाराची आशा धरू नकोस. त्या माउलीने ते पत्र कोणाकडून वाचून घेतलं असेल, आणि ऐकून काय केलं असेल?

विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात हे काही नव्हतं. बर्क, मिल आणि स्पेन्सर मात्र होते. सरकारला हवे होते कारकून, मुनसफ, मामलतदार, आणि ते मिळालेही. पण मिलचं स्वातंत्र्यावरचं पुस्तक मुलांच्या हाती द्यायचं आणि त्यांनी ते परीक्षेपुरतंच वाचावं अशी अपेक्षा धरायची, हे चालण्यासारखं नव्हतं.

मुलींचं दार १८८३ साली उघडलं. नियमांत जिथे ‘तो’ आहे तिथे ‘ती’ही धरावी, असं सिनेटने ठरवलं. नाशिकला जन्मलेली कॉर्नेलिया सोराबजी सोळाव्या वर्षी डेक्कन कॉलेजात गेली. सगळ्या कॉलेजात ती एकटी मुलगी. मुलं वर्गाचं दार तिच्या तोंडावर लावून घेत, असं तिने पुढे आठवणींत लिहिलं. ती पहिल्या वर्गात पदवीधर झाली, मुंबई विद्यापीठाची पहिली स्त्री पदवीधर. अशा यशाबरोबर इंग्लंडला जायची शिष्यवृत्ती मिळत असे. तिला ती नाकारली गेली, कारण ती बाई. कॉर्नेलिया अहमदाबादला कॉलेजात शिकवायला गेली, म्हणजे मुलांच्याच वर्गापुढे उभी राहिली, आणि १८८९ साली हितचिंतकांच्या मदतीने ऑक्सफर्डला पोचली.

पहिले पदवीधर एव्हाना विद्यापीठाच्या कारभारात आले होते. १८९२ साली काशिनाथ त्र्यंबक तेलंग कुलगुरू झाले. या जागेवर बसलेले ते पहिले भारतीय. त्यांच्यानंतर भांडारकर आले. १८५९च्या मॅट्रिकला बसलेला मुलगा चौतीस वर्षांनी त्याच विद्यापीठाचा प्रमुख. रानडे सिनेटमध्ये होते, हायकोर्टाचे न्यायमूर्ती होते आणि देशी भाषांचा प्रश्न त्यांनी सोडला नव्हता. मराठीत वाङ्मय आहेच कुठे, अभ्यासाला नेमायचं काय, असा विरोधकांचा सूर असे. रानड्यांनी त्याला भाषण करून उत्तर दिलं नाही. इंग्रजी अमदानीत मराठीत छापलेल्या पुस्तकांचा त्यांनी हिशेबच मांडला: विषयवार, काळवार, आकड्यांनिशी. १८९८ साली मराठी वाङ्मयाच्या वाढीवरचं हे टिपण आलं. ठराव मांडले, फेटाळले गेले, पुन्हा मांडले. शेवटी एम.ए.च्या परीक्षेत मराठीला जागा मिळाली. १६ जानेवारी १९०१ रोजी रानडे गेले. मराठीत एम.ए. करणाऱ्या प्रत्येक मुलामुलीने हे एकदा तरी आठवावं.

पण अभिजात भाषेचा नियम खालच्या परीक्षांना चालूच राहिला, आणि त्याचा काच सर्वांत जास्त कोणाला बसला ते पाहा. परळच्या चाळीत एका खोलीत सुभेदार रामजी आंबेडकरांचं बिऱ्हाड होतं. रात्री दोनला वडील मुलाला उठवत. उशाशी जातं, पायाशी शेळी, आणि मिणमिणत्या दिव्यापुढे भीमराव पुस्तक उघडून बसे. त्याला संस्कृत शिकायचं होतं. शिक्षक अस्पृश्याच्या मुलाला संस्कृत शिकवायला तयार नव्हते. म्हणून त्याने फारसी घेतली. मराठी ही भाषा म्हणून घेता आली असती तर हा अपमान तरी टळला असता. १९०७ साली तो मॅट्रिक झाला, ७५० पैकी २८२ गुण मिळवून. सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखाली अभिनंदनाची सभा भरली. चर्नी रोडच्या बागेत या मुलाला वाचताना पाहून त्याच्याशी ओळख केलेले कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजी तिथे आले आणि त्यांनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्याच्या हातात ठेवलं. पुढे केळुसकरांच्याच खटपटीने सयाजीराव गायकवाडांची महिना पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती लागली आणि एल्फिन्स्टन कॉलेजचं शिक्षण सुरू राहिलं. फारसी बी.ए.पर्यंत सोबत आली.

१९१२ साली भीमराव रामजी आंबेडकर मुंबई विद्यापीठाचे बी.ए. झाले. पहिल्या चौघांना पदवी मिळाली त्याला त्या वर्षी बरोबर पन्नास वर्षं झाली होती. रात्री दोनला उठवणारे सुभेदार २ फेब्रुवारी १९१३ रोजी वारले, आणि त्याच वर्षी मुलगा पुढच्या शिक्षणासाठी न्यूयॉर्कला रवाना झाला.